युसेबिओचे गोल आणि सालाझारचे साम्राज्य

(जयसिंगपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाला फुटबॉलचा विषय घेतला म्हणून काही ज्येष्ठ मंडळींनी भुवया उंचावल्या असतील. कोल्हापूर जिल्ह्यात तरी त्याचे नवल वाटू नये. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ यांची गाठ पडली की शाहू स्टेडियमवर बसायला जागा उरत नाही, आणि हरलेल्या पेठेत दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. तथापि मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो मोझांबिकचा युसेबिओ. युरोपच्या क्लब फुटबॉलमध्ये सर्वोच्च पदाला पोचलेल्या आफ्रिकी खेळाडूंत त्याचे नाव आरंभीच घ्यावे लागते. आपला त्याच्याशी संबंध जुना आहे, आणि तो गोव्यावरून येतो. ज्या सत्तेने १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांना सभेतून उचलले, ज्या सत्तेने १९५५ च्या सत्याग्रहात नानासाहेब गोऱ्यांना तुरुंगात डांबले आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्याच सत्तेचा हा मुलगा प्रजाजन होता.

युसेबिओचा जन्म २५ जानेवारी १९४२ चा, लोरेन्सो मार्किश या शहरातला; आज त्याला मापुतो म्हणतात. मफालाला ही तिथली काळ्या लोकांची वस्ती. वडील रेल्वेत कामाला होते. मुलगा आठ वर्षांचा असताना ते धनुर्वाताने गेले आणि सगळा भार आई एलिझावर आला. मोज्यात वर्तमानपत्रे कोंबून केलेल्या चेंडूने ही पोरे अनवाणी खेळत. आपल्या संघाला त्यांनी 'ब्राझीलवाले' असे नाव दिले होते. पोर्तुगालवाले हे नाव का सुचले नसावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

या मुलाच्या सभोवती कसला समाज होता? मोझांबिकमध्ये कायद्यानेच माणसांच्या दोन जाती केल्या होत्या. बहुसंख्य आफ्रिकी 'एतद्देशीय' म्हणून गणले जात. त्यांच्यावर वेठबिगार लादता येई. पोर्तुगीज लिहिता-वाचता येणे, उत्पन्नाचे साधन असणे आणि पोर्तुगीज रीतीने राहणे या कसोट्यांना उतरलेला तेवढा 'आत्मसात' नागरिक ठरे. १९५० च्या जनगणनेत सुमारे सत्तावन्न लाख लोकसंख्येत असे आफ्रिकी चार-साडेचार हजारच निघाले. उत्तरेकडच्या शेतकऱ्यांना सक्तीने कापूस लावावा लागे आणि तो ठरलेल्या कंपनीलाच, वरून ठरलेल्या दराने घालावा लागे. झांबेझीच्या काठी सेना शुगर इस्टेट्सचे उसाचे मळे वेठीच्या मजुरांवर चालत. ज्या गावात दरवर्षी ऊस परिषद भरते आणि दरासाठी हजारो शेतकरी मैदानात बसतात, तिथल्या श्रोत्यांना मालाचा दर कोण ठरवतो या प्रश्नाचे महत्त्व मी सांगायला नको.

१९५१ साली सालाझारने घटना दुरुस्त करून 'वसाहत' हा शब्दच पुसून टाकला. गोवा, अंगोला, मोझांबिक हे सारे पोर्तुगालचे 'सागरापलीकडील प्रांत' झाले. आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग स्वातंत्र्य कोणाला द्यायचे, असा तो युक्तिवाद होता. जून १९६० मध्ये उत्तर मोझांबिकच्या मुएडा गावी गाऱ्हाणी घेऊन आलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यानंतर सहाच महिन्यांनी, डिसेंबर १९६० मध्ये, अठरा वर्षांचा युसेबिओ लिस्बनच्या विमानात बसला.

तो गेला त्याची हकिकत मोठी गमतीची आहे. तो खेळत होता तो लोरेन्सो मार्किशचा स्पोर्टिंग, म्हणजे लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबची शाखा. ब्राझीलचे प्रशिक्षक बाउअर यांनी त्याला पाहिले आणि बेन्फिकाचे प्रशिक्षक बेला गुट्टमन यांच्या कानावर घातले. ही बोलणी लिस्बनच्या एका केशकर्तनालयात झाली असे सांगतात. बेन्फिकाने थेट आईशी करार केला आणि मुलाला 'रूथ' या सांकेतिक नावाखाली पोर्तुगालला आणले. स्पोर्टिंगने पळवू नये म्हणून त्याला काही दिवस दक्षिणेकडे समुद्रकाठी लपवून ठेवले. नोंदणीचा तंटा मे १९६१ पर्यंत चालला. दोन बलाढ्य संस्था एका पोरासाठी भांडत होत्या, आणि ज्या वस्तीने त्याला घडवले तिचा या भांडणात कोठेही पक्ष नव्हता.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २ मे १९६२ रोजी ॲमस्टरडॅमला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बेन्फिकाने रेआल माद्रिदला ५-३ असे हरवले. त्यातले शेवटचे दोन गोल युसेबिओचे. १९६५ साली तो युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९६६ च्या विश्वचषकात उत्तर कोरियाविरुद्ध पोर्तुगाल पंचवीस मिनिटांत ०-३ असा मागे पडला होता. युसेबिओने एकट्याने चार गोल मारले आणि सामना ५-३ असा फिरवला. त्या स्पर्धेत त्याचे नऊ गोल झाले. बेन्फिकासाठी ४४० सामन्यांत ४७३ गोल आणि अकरा वेळा लीगचे विजेतेपद, असा त्याचा हिशेब आहे. गोल करण्याची ती सहजता, धावता धावता मारलेला तो उजव्या पायाचा फटका जुन्या चित्रफितीत आजही पाहावा. त्याच्या कर्तृत्वाला राजकारणाचा रंग लावून ते उणे करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु १९६६ चा तो पोर्तुगीज संघ नीट पाहा. कर्णधार मारियो कोलुना मोझांबिकचा. बचावातले हिलारिओ आणि व्हिसेंते मोझांबिकचे. आणि १९६४ च्या सप्टेंबरपासून त्याच मोझांबिकमध्ये फ्रेलिमोचे सशस्त्र स्वातंत्र्ययुद्ध सुरू होते. सालाझारला याहून चांगला पुरावा कोणता हवा होता? पाहा, आमचे राष्ट्र एकसंध आहे, काळा-गोरा भेद आमच्याकडे नाही! गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तेव्हा याच भेद न मानणाऱ्या सरकारने मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडले आणि पुढे देशाबाहेर घालवले.

इटलीतील क्लबांनी युसेबिओला मोठमोठ्या रकमा देऊ केल्या होत्या. सालाझारने आपल्याला जाऊ दिले नाही, आपण राष्ट्राची मालमत्ता ठरलो, असे तो पुढे सांगत असे. ज्या राजवटीत त्याचे देशबांधव वेठीला धरले जात, तिने त्यालाही एका अर्थाने धरूनच ठेवले. वेतन तेवढे चांगले होते. तरीही त्याने राजवटीविरुद्ध आवाज उठवला नाही म्हणून त्याला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. जिथे बोलण्याची किंमत तुरुंग होती, तिथे वस्तीतून आलेल्या, आईला सांभाळणाऱ्या तरुणाकडून हौतात्म्याची मागणी करणे आपल्यासारख्या सुरक्षित बसलेल्यांना शोभत नाही.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. कोलुना मायदेशी परतला आणि तिथल्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. युसेबिओ लिस्बनमध्येच राहिला. २०१४ च्या आरंभी सात-आठ आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले, एक लिस्बनला आणि एक मापुतोला. २०१५ साली युसेबिओचे अवशेष पोर्तुगालच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात हलवण्यात आले.

आता साम्राज्य गेले, बाजार राहिला. आफ्रिकेतली मुले आज दलालांच्या हातून युरोपात जातात. काही थोडी चमकतात, पुष्कळ वाटेत गळतात. काही आपल्याकडेही आली. गोव्याच्या मैदानांवर ओडाफा आणि रँटी मार्टिन्स या नायजेरियन खेळाडूंनी गोलांचा पाऊस पाडला. उलट दिशेने पाहू जाता २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. म्हणजे ही शिडी आपल्या दारातूनही जाऊ लागली आहे, आणि म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगून मी थांबतो.

२००१ पासून फिफाचा नियम आहे. कराराच्या मुदतीत खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर बदलीच्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यावे लागतात. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. मफालालाच्या पोरांना असले काही मिळणे शक्य नव्हते. आपल्या तालमींना मिळू शकते. पण त्यासाठी मूल कोणत्या वर्षी कोणाकडे खेळले याची रीतसर नोंदणी संघटनेच्या दप्तरात असावी लागते. बारा-तेरा वर्षांची किती मुले आज आपल्या मैदानांवर कोणत्याही नोंदीवाचून खेळत आहेत, हे तालमींच्या कार्यकर्त्यांनी या हंगामाआधी एकदा मोजून पाहावे.