सिमेंटमध्ये जीव ओतणारा शिल्पकार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या साकोलीकडच्या मुलांना घडवण्याचं वेड वेगळं शिकवावं लागत नाही. धानाच्या बांधीतली चिकट माती हाती आली, की तिचा बैल होतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजून रस्त्यावर येतात. आपला भंडारा जिल्हा तर पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तरीही एखाद्या मुलानं ‘मला शिल्पकार व्हायचंय’ असं म्हटलं, की घरात विचारतात, ‘संगमरवर कुठून आणशील? ब्राँझचा खर्च कोण करील?’

प्रश्न खोटा नाही. त्याचं एक उत्तर अलिबागजवळच्या सासवने गावात पाहायला मिळतं.

विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब करमरकर, यांचा जन्म 1891 साली याच गावात झाला. लहानपणी त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते पाहून ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरनं त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे त्यांनी कोलकात्यात काम केलं, लंडनला जाऊन शिक्षण घेतलं. 1928 साली पुण्यात उभा राहिलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला.

असा पुतळा कसा होतो, हे थोडं सांगायला हवं. आधी लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर मातीची प्रतिमा तयार करतात. माती सुकून तडकू नये म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. मग तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतात आणि सर्वांत शेवटी धातूची पाळी येते. साच्यातली हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका क्षणात वाया जाते. भट्टी, कारागीर, धातू, वाहतूक हा सगळा खर्च एकट्या कलावंताच्या आवाक्यातला नसतो. म्हणून ब्राँझचा पुतळा बहुधा कुणाच्या तरी मागणीवरूनच होतो, आणि खर्च करणारा विषयही ठरवतो.

मग शिल्पकाराच्या मनात स्वतःचे जे विषय असतात, त्यांचं काय करायचं? कोळणीचा, शेतकऱ्याचा, दारातल्या म्हशीचा पुतळा करून दे, असं सांगत कोण येणार? करमरकरांनी अशा कामांसाठी सिमेंट जवळ केलं. घर बांधायचं हे साहित्य, रंगानं करडं, दिसायला रूक्ष. आत सळ्या घालून ते साच्यात भरायचं आणि नव्या भिंतीसारखं दिवसेंदिवस पाणी मारत राहायचं. त्यात संगमरवराची झळाळी नाही. फार नाजूक, सुटी बोटं त्यात टिकत नाहीत, चटकन तुटतात. म्हणून आकार भरीव ठेवावा लागतो, हात अंगालगत घ्यावा लागतो, लुगड्याच्या चुण्या मोजक्याच दाखवाव्या लागतात. पण कष्टकरी माणसाचा देहही असाच भरीव असतो. सिमेंटची मर्यादा त्या विषयाला मानवते. सासवन्याला त्यांच्या राहत्या घराचं संग्रहालय झालं आहे. तिथं ही माणसं आणि जनावरं भेटतात, तेव्हा सिमेंटला आपण रूक्ष म्हणत होतो याचं नवल वाटतं.

1967 साली करमरकर गेले. त्यांचं मोठेपण पुण्याच्या पुतळ्यात आहेच. पण मला ते सासवन्याच्या अंगणात अधिक जाणवतं, कारण तिथं मागणी फक्त त्यांच्या मनाची होती. साहित्य मिळालं तर काम करीन, असं म्हणणाऱ्याचं काम बहुधा राहून जातं. ज्याला घडवल्याशिवाय चैन पडत नाही, तो हाताशी असेल त्या वस्तूचा स्वभाव शिकून घेतो. ती कुठं वाकते, कुठं तुटते, कुठं हट्ट धरते हे त्याला कळत जातं, आणि त्याची शैली त्यातूनच तयार होते.

श्रोतेहो, घरातल्या मुलानं उद्या बांधीतली माती आणून ओसरीवर पसारा मांडला, तर त्याला रागावू नका. ती माती रात्री ओल्या फडक्यानं झाकायची असते, एवढं मात्र त्याला जरूर सांगा.