फोनवरचा निरोप आणि प्रायव्हेट नंबर

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



माझ्यासारख्या डिप्लोमावाल्याला बोलायला उभं केलं, म्हणजे यंदा वक्त्यांची टंचाई दिसते! बावीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. भाषणापेक्षा केबल जोडणं मला बरं जमतं. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय निवडणुकीत येणाऱ्या फोनचा आहे, पण सुरुवात घरापासून करतो. वडील गेल्यावर आई जळगावहून आमच्याकडे बिलासपूरला आली. मतदार यादीतलं नाव इकडे आणायचं म्हणून तिनं माझ्यामागे धोशा लावला. फॉर्म भरायला मी दोन वर्षं लावली, ही माझी चूक. शेवटी नाव आलं. 7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान, आईचं इथलं पहिलं. मी सकाळपासून लाइनवर. नऊच्या सुमारास घरी फोन आला : "माताजी, आपका मतदान केंद्र बदल गया है." केंद्र सांगितलं ते रुळांच्या पलीकडच्या शाळेत. आवाज अगदी अदबीचा. आई रिक्षा करून गेली, तासभर रांगेत उभी राहिली, आणि टेबलाशी कळलं की तिचं नाव त्या यादीत नाहीच. मे महिन्यातलं इथलं ऊन तुम्हाला सांगायला नको. घरी येऊन जी आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही. रात्री मी बोट बघायला मागितलं, तर तिनं हात पदराखाली घेतला.

फोन कोणी केला, मुद्दाम केला की कोणा कार्यकर्त्यानं चुकीची यादी वाचली, हे आजवर कळलेलं नाही. उगाच कोणावर आळ घेणार नाही. पण तेव्हापासून मी या विषयावर वाचू लागलो, आणि कॅनडातलं एक प्रकरण हाती लागलं.

2 मे 2011. कॅनडाच्या संसदेची निवडणूक. ऑन्टारिओ प्रांतात ग्वेल्फ नावाचं शहर आहे. मतदानाच्या दिवशी सकाळी तिथल्या हजारो घरांत फोन वाजले. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. निवडणूक आयोगाकडून बोलतोय, गर्दी वाढणार असल्यानं तुमचं मतदान केंद्र बदललं आहे, आता गावातल्या अमुक मॉलमध्ये जा. वर गैरसोयीबद्दल दिलगिरीसुद्धा! सगळं खोटं. तिथला आयोग असे फोन करतच नाही. लोक मॉलमध्ये गेले, काही परत आपल्या केंद्रावर आले, काहींनी कार्ड फाडून घरचा रस्ता धरला.

आता यातली खुबी बघा. हे फोन सरसकट गेले नव्हते. 'आम्ही तुमच्या पक्षाला मत देणार नाही' असं ज्यांनी प्रचाराच्या वेळी सांगितलं होतं, त्यांच्याच घरी ते गेले. म्हणजे खरं बोलल्याची ही शिक्षा.

तपास निघाला तो एका प्रीपेड मोबाइलपर्यंत. तो घेणाऱ्यानं नाव लिहिलं होतं पिएर पूतीन. पूतीन हा तिकडचा खायचा पदार्थ, बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चीज आणि रस्सा. आपल्याकडे कोणी सिमकार्डासाठी 'मिसळराव' नाव द्यावं, तसं. अखेर 2014 साली कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या प्रचारातला मायकल सोना हा तरुण कार्यकर्ता दोषी ठरला आणि त्याला नऊ महिन्यांची कैद झाली. तो एकटा नसावा, असं न्यायाधीशांनाही वाटलं. पण शिक्षा झाली ती त्या एकालाच.

दुसऱ्या सहा मतदारसंघांतले मतदारही कोर्टात गेले होते. 2013 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं सांगितलं की फसवणूक झाली हे खरं, पण त्यामुळे निकाल बदलला असं सिद्ध होत नाही. निवडणूक कायम. माझं मन इथेच अडतं. पडलेलं मत मोजता येतं. जे पडलंच नाही ते कुठल्या यंत्रात मोजणार? आमच्या आईचं मत कुठल्या हिशोबात धरायचं?

पुढे कॅनडानं कायदा केला. प्रचाराचे असे फोन करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते, काय बोलणार त्याचा मजकूर आणि रेकॉर्डिंग जपून ठेवावं लागतं. पण तोवर तंत्र पुढे गेलं. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात फोन गेले ते चक्क राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या आवाजात. प्राथमिक निवडणुकीत मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आवाज संगणकानं बनवलेला. फोन करवून घेणाऱ्याला तिथल्या दूरसंचार आयोगानं 60 लाख डॉलर दंड ठोठावला. फौजदारी खटल्यात मात्र 2025 मध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

आता आपल्या धंद्यातलं सांगतो. इथे निम्मे रेल्वेवालेच आहेत, त्यांनी जरा दम धरावा. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर गेटमनला फोन करतो. दोघं रोज बोलतात, एकमेकांचा खोकलासुद्धा ओळखतात. तरी गेटमन 'गेट बंद' म्हणाला की तेवढ्यावर मास्तर विश्वास ठेवत नाही. गेटमननं आपल्या कागदावरून दोन आकडी प्रायव्हेट नंबर द्यायचा, मास्तरनं तो रजिस्टरमध्ये लिहायचा, वापरलेला नंबर खोडायचा. आवाज ओळखीचा आहे, ही आपल्याकडे खातरजमा धरत नाहीत. हा नियम आवाजाची नक्कल करणारे संगणक येण्याच्या कितीतरी आधीचा आहे!

मतदाराजवळ असा नंबर नाही का? आहे. यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, मतदार चिठ्ठीवर छापलेला असतो. केंद्र बदललं असं कोणी सांगितलं, तर फोन ठेवायचा, आपण स्वतः 1950 वर फोन करायचा किंवा आपल्या बीएलओला विचारायचं. आलेल्या फोनवरच खात्री करत बसायची नाही. आमच्या घरी बीएलओचा नंबर आता फ्रिजवर चिकटवलाय. आपल्यापैकी बरेच जण बदलीवर आलेले. नाव अजून गावाकडे असेल, तर फॉर्म 8 भरा. मी दोन वर्षं लावली, तुम्ही लावू नका.

फेब्रुवारी 2025 मध्ये इथल्या महापालिकेची निवडणूक झाली. आदल्या संध्याकाळी घरी फोन वाजला, आईनं उचलला. पलीकडचा काही बोलायच्या आत ही म्हणाली, "आधी प्रायव्हेट नंबर सांग." बिचारा गॅसवाला होता.