दुपारी दोनला बंद पडणारा पीसी : फॉरमॅट मारायच्या आधी थांबा

मी ऊर्जानगरहून बोलतोय. मागून कूलरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करणं आपल्याच्यानं होत नाही.

आजचा विषय आहे घरचा कॉम्प्युटर. तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आम्ही तर सगळं फोनवरच करतो. बरोबर आहे. पण घरात कोपऱ्यात एक जुना पीसी असतोच. बाबांनी कधीतरी असेंबल करून आणलेला, त्यावर लग्नाचे फोटो, दहावीची मार्कशीट स्कॅन केलेली, आणि वर आईनं टाकलेलं विणलेलं कव्हर. तो बंद पडायला लागला की सगळे तुमच्याकडे बघतात, कारण घरात "मोबाईलमधलं कळणारे" तुम्हीच.

आमच्याकडे हेच झालं. मागच्या उन्हाळ्यात पीसी चालता चालता फट्‌कन बंद व्हायचा. मित्राला फोन केला. तो म्हणाला, "काऊन टेन्शन घेतोस बे, फॉरमॅट मार, विंडोज टाक, विषय संपला." मीही तेच केलं. दोन तास घालवून नवीन विंडोज टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पीसी पुन्हा बंद.

मग दुसऱ्यांदा पेनड्राइव्ह लावला. या वेळी ठरवलं होतं की अख्खी हार्ड डिस्कच साफ करायची. सगळे पार्टिशन डिलीट. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "अरे, त्यात आजीची गाणी आहेत ना?"

माझा हात थांबला. आजी भुलाबाईची गाणी म्हणायची. दहा वर्षांपूर्वी बाबांनी ती जुन्या फोनवर रेकॉर्ड केली होती आणि पीसीच्या डी ड्राइव्हमध्ये टाकून ठेवली होती. तो फोन कधीच भंगारात गेला, आणि आता आजीही नाही. तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, मी डिलीट करायला निघालेल्या डिस्कवर.

म्हणून आज एवढंच सांगायचंय. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी दोन कामं असतात. डेटा बाहेर काढणं आणि बंद पडायचं खरं कारण शोधणं.

आधी डेटा. विंडोज चालू होत असेल तर पेनड्राइव्ह लावा आणि कॉपी करा. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स विसरू नका. हे तिन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, आणि लोक समजतात की डेस्कटॉपवर ठेवलं म्हणजे सेफ आहे. विंडोज चालूच होत नसेल तर मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवा. त्यावरून पीसी चालू केला की काहीही इन्स्टॉल न करता तुमच्या फाइल्स दिसतात आणि दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेता येतात. लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर आधी त्याची रिकव्हरी की शोधून ठेवा. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती नसेल तर डिस्कमधलं काहीच उघडत नाही.

आता कारण. पीसी कसा बंद पडतो, ते नीट बघा.

निळी स्क्रीन येऊन खाली इंग्रजीत काहीतरी लिहून येत असेल तर फोननं तिचा फोटो काढा. त्याला स्टॉप कोड म्हणतात. 'मेमरी मॅनेजमेंट' असं दिसलं तर आधी रॅमवर संशय घ्या. पीसी बंद करा, वायर काढा, रॅम बाहेर काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि परत बसवा. हसू नका, हा गावठी उपाय खूपदा चालतो. मग स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा आणि टेस्ट चालवा. दोन रॅम असतील तर एक-एक लावून बघा.

पीसी बंद न होता नुसता गोठत असेल, फोल्डर उघडायला मिनिट-मिनिट लागत असेल, तर डिस्क बघा. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कची तब्येत रंगात दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. पिवळा दिसला की बाकी सगळं सोडा आणि कॉपी करायला लागा.

आणि निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, लाईन गेल्यासारखा पीसी फट्‌कन बंद होत असेल तर दोन संशयित पकडा. एक पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस. दुसरी गरमी.

आमचा तिसरा प्रकार होता. आईनं टोकल्यावर मी वहीत वेळ लिहायला लागलो. मंगळवार, दुपारी २:१०. बुधवार, १:४५. गुरुवार, ३:००. सकाळी आठला पीसी तासभर चालला तरी काही होत नव्हतं. विंडोजमध्येच बिघाड असता तर तो घड्याळ बघून थोडाच आला असता?

सीपीयूचा डबा उघडला. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची अशी गादी जमली होती, की उचलली तर अखंड निघाली. वर आमचा डबा कूलरच्या बरोबर समोर. आम्हाला वाटायचं, पीसीलाही थंड हवा लागतेय. पण कूलरची हवा ओलसर असते, आणि ओली धूळ जास्त चिकटून बसते.

यातलं गणित सोपं आहे. पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त आतली गरमी खोलीच्या हवेत सोडतो. खोली २८ अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर चालत असेल, तर खोली ४० वर गेल्यावर तोच प्रोसेसर साधारण ८७ वर जाणार. त्यात धूळ. बहुतेक इंटेल प्रोसेसरची हद्द शंभर अंशांच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद होतो. म्हणजे आमचा पीसी बिघडला नव्हता, जीव वाचवत होता. आणि मी त्याच्यात परत परत विंडोज टाकत होतो.

मऊ ब्रशनं धूळ काढली. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली, वाटाण्याएवढी. डबा कूलरसमोरून हलवला. त्यानंतर पीसी भर दुपारीही बंद पडला नाही.

मोठ्या जगातलं एक उदाहरण सांगतो. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावर उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करणं. एवढे कॉम्प्युटर पडले, पण कारण कळल्यावर फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

तुम्हीही सेफ मोड वापरून बघा. शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, पुढे ट्रबलशूटमध्ये जाऊन पर्याय सापडतो. सेफ मोडमध्ये पीसी शांत चालत असेल तर बहुतेक एखादा ड्रायव्हर किंवा नुकतं टाकलेलं सॉफ्टवेअर गुन्हेगार आहे. ते काढून टाका.

आता हे सगळं करूनही विंडोज नव्यानं टाकावंच लागलं तर? किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या. टेलिग्रामवरचं क्रॅक विंडोज नको. तुमचं विंडोज आधी ओरिजिनल असेल तर की विचारल्यावर 'माझ्याकडे नाही' हा पर्याय निवडा. मदरबोर्ड तोच असेल तर इंटरनेट लागल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आणि सगळ्यात धोक्याची पायरी लक्षात ठेवा. इन्स्टॉल करताना पार्टिशनची यादी येते, तिथे सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. नुसतं 'ड्राइव्ह शून्य, पार्टिशन तीन' असं दिसतं. म्हणून आधीच कुठला पार्टिशन किती जीबीचा आहे ते लिहून ठेवा. दुसरी डिस्क असेल तर तिची वायरच काढून ठेवा.

आमच्या गोष्टीत अजून एक वळण होतं. साफसफाईनंतर क्रिस्टल डिस्क इन्फो चालवलं, तर डिस्क पिवळी. म्हणजे गरमीचा प्रश्न सुटला तरी आजीचा आवाज धोक्यातच होता. त्याच रात्री सगळं कॉपी केलं आणि नवीन एसएसडी आणली. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा सहाव्या पिढीचा. म्हणून त्यावर आता लिनक्स मिंट आहे. बाबा त्यावर यूट्यूब बघतात, आई वीजबिलं भरते, दोघांनाही फरक पडलेला नाही.

गाण्यांच्या फाइल्स एएमआर प्रकारच्या होत्या, जुन्या फोनच्या. व्हीएलसीत चालल्या. चाळीस मिनिटं आजी गाते, मध्येच खोकते, "झालं का रे?" म्हणून बाबांना विचारते. सगळं मिळून चार एमबीसुद्धा नाही. तुमच्या फोनमधला एक फोटो याच्यापेक्षा जड असतो.

त्या फाइल्स आता तीन ठिकाणी आहेत. पीसीवर, कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि माझ्या ताईच्या फोनवर, नागपुरात. म्हणजे आमच्या घरात काही झालं तरी एक प्रत बाहेर आहे.

तर आज रात्री हे करा. घरच्या पीसीवर, जुन्या फोनवर, मेमरी कार्डवर अशी कुठली गोष्ट आहे जी फक्त एकाच ठिकाणी आहे, ते आईला विचारा. तुम्हाला माहीत नसेल, तिला माहीत असतं. ती आधी कॉपी करा. मग सीपीयूचा डबा उघडा.

चला, भेटू पुढच्या भागात. पाणी पीत राहा, दुपारी उन्हात फिरू नका, आणि पीसीला कूलरसमोरून हलवा.