हिरव्या टाकीसाठी स्वस्त उजेड

माशांच्या टाकीत खऱ्या वनस्पती लावायच्या म्हटलं, की दुकानदार आधी महागडा दिवा दाखवतो. पण सुरुवातीला त्याची गरज नसते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण पन्नास लिटर पाणी राहतं. तिच्यासाठी घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब चालतो. घेताना खोक्यावरचे दोन आकडे वाचा. पहिला ल्युमेन, म्हणजे उजेड किती. तो ९००च्या आसपास हवा. दुसरा केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग. ६५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा प्रकाश. बल्बवर आतून पांढरी असलेली टोपी लावली, की उजेड खोलीत न सांडता पाण्यात उतरतो.

एवढ्या उजेडात जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया छान जगतात. अनुबियासचा आडवा कंद मात्र वाळूत पुरू नका, कुजतो. तो दगडाला दोऱ्याने बांधा.

दिवा रोज सहा ते आठ तासच लावा. जास्त उजेड म्हणजे जास्त वाढ नव्हे. काचेवर हिरवं शेवाळ मात्र नक्की धरतं. सात तासांच्या हिशेबाने महिन्याला दोन युनिटसुद्धा वीज लागत नाही.

आणि हो, पाण्यात हात घालण्यापूर्वी दिव्याचा प्लग काढायला विसरू नका.