धुराचा हिशेब: मोटारीचा आणि जहाजाचा



एक क्रूझ जहाज लाखो मोटारींइतका धूर ओकते, हे विधान वारंवार कानी पडते. परंतु धुरातला कोणता घटक, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ उरत नाही. ‘ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्न्मेंट’ या युरोपीय संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, युरोपच्या सागरी हद्दीत 2017 साली फिरलेल्या 203 क्रूझ जहाजांनी गंधकाची ऑक्साइडे तेथील सुमारे 26 कोटी मोटारींच्या जवळजवळ वीसपट सोडली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मात्र तीच जहाजे त्या मोटारींच्या सुमारे 15 टक्क्यांवरच राहिली. गंधकाचे मूळ इंधनात आहे. भारतात भारत स्टेज-6 मानकांमुळे एप्रिल 2020 पासून मोटारींच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत 10 भागांहून अधिक गंधक चालत नाही. उलट जहाजांच्या जड तेलात, म्हणजे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणानंतर तळाशी उरणाऱ्या डांबरासारख्या घट्ट इंधनात, 2019 अखेरपर्यंत खुल्या समुद्रावर 3.5 टक्के, म्हणजे 35,000 भाग गंधकाला मुभा होती, आणि जानेवारी 2020 पासूनची 0.5 टक्क्याची मर्यादाही मोटारीच्या पाचशेपट भरते.

नायट्रोजनची ऑक्साइडे मुख्यतः इंजिनातल्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात, त्यामुळे डिझेल स्वच्छ झाले तरी मोटार निर्दोष ठरत नाही. शिवाय जहाजाचे धुराडे उंचावर असते, तर मोटारीची नळी पदपथाकडेच्या बाबागाडीतल्या मुलाच्या तोंडापाशी धूर सोडते. जहाजाकडे बोट दाखवून मोटारीला अभय देणे वायुप्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबईत भरलेल्या या परिषदेच्या स्वागत समितीला मुळीच मान्य नाही.

जहाज धक्क्याला लागले, प्रवासी शहर पाहायला उतरले, तरी दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघरे चालू ठेवण्यासाठी त्याची जनित्रे दिवसभर धडधडत राहतात. अलास्कातील जुनो बंदरात 2001 पासून क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज देऊन ती जनित्रे बंद ठेवता येऊ लागली. भारतातील वीज 50 हर्ट्झची, तर बहुतेक क्रूझ जहाजांची यंत्रणा 60 हर्ट्झची असल्याने येथे धक्क्यावर वारंवारता बदलणारी सामग्रीही बसवावी लागेल. तिचा खर्च बंदराने सोसावा की जहाजमालकाने, यावर अभियंत्यांनी आणि बंदर अधिकाऱ्यांनी उद्याच्या सत्रात समोरासमोर बसून बोलावे, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.