चित्रकार्डाची पाठ

श्रोतेहो, बालाघाट जिल्ह्यातील बिरसा येथे राहून मुंबईच्या जुन्या हॉटेलांची आणि उपाहारगृहांची चित्रकार्डे जमविणाऱ्या माणसाचे शेजाऱ्यांना नवल वाटते. जेथे आपण कधी चहा घेतला नाही, त्या जागेचे चित्र जपावयाचे कशाला, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझ्याही छंदाचा आरंभ केवळ चित्राच्या मोहाने झाला. कार्डाला पाठ असते, हे मला फार उशिरा उमगले.

आपल्याकडे साधे पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी सुरू झाले. किंमत पाव आणा. चित्रकार्डे त्यानंतरची. आरंभी त्यांच्या एका बाजूस फक्त पत्ता लिहावयाचा असे; क्षेमकुशल चित्राच्या कडेला दाटीवाटीने बसवावे लागे. 1902 साली ब्रिटनने पाठीचे दोन भाग करून मजकुरालाही तेथे जागा दिली. मागोमाग इतर देशांनीही ती रीत उचलली. म्हणून पाठ अखंड दिसली, की कार्ड जुन्या घडणीचे, असा कयास बांधता येतो.

चित्रही साक्ष देते. मुंबईचे ताजमहाल हॉटेल 1903 साली उघडले आणि समोरचे गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पुरे झाले. समुद्राकडून टिपलेल्या चित्रात हॉटेल आहे पण कमान नाही, तर ते चित्र या दोन सालांमधले समजावे. शेजारचे ग्रीन्स हॉटेल तर आता चित्रांतच भेटते. त्या जागी 1973 साली ताजची उंच इमारत उभी राहिली. मात्र डाकेच्या शिक्क्यावरील तारखेला चित्राची तारीख मानू नये. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कार्डही कोणीतरी घेतो आणि पेटीत टाकतो.

येथे माझ्या हातून घडलेला एक अपराध सांगतो. तिकिटाच्या लोभाने मी एका कार्डाचा कोपरा कापला. कुणा मुलाने आपण सुखरूप पोहोचल्याचे आईला कळविले होते. कोणत्या गावाहून, कोणत्या साली, हे शिक्क्यावर होते. आणि शिक्का तिकिटाबरोबर गेला. मुलाचे अक्षर आजही माझ्यापाशी आहे. पण त्याचा ठावठिकाणा मीच पुसला.

तेव्हापासून मी कार्डे कापीत नाही, वहीत खळीने चिकटवीतही नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. परदेशी प्रवासी जेथे उतरत, त्या बड्या हॉटेलांची कार्डे पुष्कळ. गिरगावातील खाणावळींची किंवा कोपऱ्यावरच्या इराण्याची क्वचितच. बिरसा येथील चहाच्या दुकानाचे कार्ड तर मी अजून पाहिलेले नाही. म्हणून त्या दुकानाचे एक छायाचित्र काढून घेतले, आणि त्याच्या पाठीवर गावाचे नाव, तारीख व चहाचा दर लिहून ठेवला.

श्रोतेहो, आपल्या घरीही अशी चित्रे असतील. ती थोर वास्तूंची असोत वा साध्या टपरीची, त्यांची पाठ कोरी ठेवू नका. चित्र ओळखणारे माणूस घरात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.