अंगणवाडीसेविकेचा दर्जा

सहा वर्षांखालील बालके, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यापर्यंत जी सेवा पोहोचवावयाची, तीतील कर्मचाऱ्यांचा हुद्दा, कर्तव्ये व वेतन यांची वर्गवारी कोणत्या तत्त्वावर करावी, हा प्रश्न केवळ दप्तरी नसून न्यायाचा आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडीसेविका ही स्थानिक समाजातून निवडलेली मानद कार्यकर्ती मानली गेली; परिणामी तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिका नियमित वेतनश्रेणीत आल्या, आणि पोषण आहार, शालापूर्व शिक्षण, लसीकरणास साहाय्य व नोंदवह्या एवढा भार वाहणारी सेविका मात्र मानधनावरच राहिली.

तिचे पद मुलकी पद नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला. परंतु १९७२ चा उपदान कायदा तिला लागू होतो, असे त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी स्पष्ट केले.

म्हणून पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम, जबाबदारी आणि त्यास लागणारा वेळ यांचे मोजमाप व्हावे, आणि त्यास अनुरूप वेतन व निवृत्तीनंतरचे संरक्षण मिळावे, हेच धोरण न्याय्य होय.